विष उतरवण्याचे शास्त्र

मुरगाव बंदरात लोहखनिज न्यायला येणारे जहाज रिकामे कधीच येत नाही. चीनच्या किंवा जपानच्या बंदरात मागचा माल उतरवत असतानाच त्याने तिथले पाणी पोटात भरून घेतलेले असते. माल नसलेले जहाज फार वर तरंगते, प्रोपेलर उघडा पडू लागतो, वाऱ्याने ते कलते आणि लाटांवर आपटून त्याच्या सांगाड्यावर भलताच ताण येतो. म्हणून वजनासाठी पाणी घ्यावे लागते. जुनी गलबते हेच काम दगड-वाळूच्या नीरमावर भागवत. पोलादी जहाजे आणि यांत्रिक पंप आल्यावर दगडांची जागा पाण्याने घेतली, कारण पाणी भरायला आणि उपसायला हमाल लागत नाहीत. मोठ्या खनिजवाहू जहाजात हे बॅलास्ट पाणी पन्नास हजार टनांच्या घरात जाते. इकडे खनिज चढू लागते, तिकडे पंप सुरू होतात आणि हजारो मैलांवरचे पाणी झुआरीच्या मुखाशी रिते होते.

ते पाणी जिवंत असते. माशांची अंडी, खेकड्यांची आणि शिंपल्यांची पिल्ले, प्लवक, शेवाळ, जिवाणू असे सगळे त्यात असते. बहुतेक जीव अंधाऱ्या टाकीत प्रवासातच मरतात. पण काही तगतात, आणि नव्या किनाऱ्यावर त्यांना खाणारे कोणी नसले तर ते तिथलेच होऊन बसतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस हा कंगवा-जेली जातीचा जीव १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या समुद्रात आढळला. त्याने प्लवक आणि माशांची अंडी-पिल्ले फस्त केली. आधीच बेसुमार मासेमारीने खचलेला तिथला अँकोव्हीचा धंदा दशक संपता संपता कोसळला. १९८८मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपला सापडला आणि पुढे त्याने शहरांच्या पाणीपुरवठ्याचे नळ आतून बुजवले. दक्षिण अमेरिकेत १९९१ साली पटकीची साथ आली, त्यानंतर अमेरिकेतल्या मोबाइल बंदरात आलेल्या जहाजांच्या बॅलास्ट पाण्यात त्याच रोगाचा जिवाणू मिळाला. ऑस्ट्रेलियात हॅलेग्राफ आणि बोल्च या संशोधकांनी बॅलास्ट टाक्यांतला गाळ तपासला, तेव्हा एकाच जहाजात विषारी शेवाळाच्या तीस कोटींहून जास्त जिवंत पुटी असल्याचा अंदाज निघाला. असले शेवाळ शिंपल्यांच्या अंगात उतरले की ते शिंपले खाणाऱ्या माणसाला पक्षाघात होऊ शकतो. तिसऱ्या, शिनाणे आणि कालवे विकून ज्यांची घरे चालतात, त्या आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांशी या विषयाचा थेट संबंध आहे, तो इथे.

या पुस्तकाचा विषय त्या पाण्याच्या रासायनिक निर्जंतुकीकरणापुरता आहे. अतिनील किरणे, उष्णता, ऑक्सिजन काढून घेणे हे उपाय त्यात ओघाने येतात. रसायनांवर वेगळे पुस्तक लिहावेसे वाटले याला कारण आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन ‘मारण्या’वर थांबते. कोणते रसायन किती मात्रेत किती वेळात किती जीव मारते, याचे तक्ते भरपूर मिळतात. मला वाटते, टाकीत विष चढवणे हा त्यातला सोपा भाग आहे. तेच पाणी बंदरात सोडण्याआधी त्याचे विष पुरते उतरवणे, आणि ते उतरल्याची खात्री पटवणे, हे खरे शास्त्र. जे पाणी जहाजाच्या आत मारक हवे, तेच जहाजाच्या कडेवरून खाली पडताना निरुपद्रवी हवे. या दोन अटींच्या मधली जागा फार अरुंद आहे आणि प्रत्येक बंदराच्या पाण्यागणिक ती बदलते.

रसायने वापरून एखादे बंदरच धुऊन काढता येईल का, या प्रश्नाला एक खरे उत्तर उपलब्ध आहे. मिटिलॉप्सिस सॅली हा काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला मूळचा कॅरिबियन भागातला. विशाखापट्टणमला तो १९६०च्या दशकात आढळला, पुढे मुंबईच्या गोद्यांतही पोचला आणि दोन्हीकडे कायमचा वस्तीला राहिला. १९९९मध्ये तोच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या यॉट-गोद्यांत दाट थरांनी वाढलेला दिसला. तिथे तो बहुधा एखाद्या यॉटच्या तळाला चिकटून आला असावा. त्या गोद्यांना पाण्याची पातळी राखणारी दारे होती. सरकारने ती लावून घेतली आणि आतल्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले. आतले जवळजवळ सगळेच मेले, शिंपलाही मेला आणि डार्विन त्यातून सुटले. मुंबई बंदराला दार नाही. ठाण्याच्या खाडीला नाही, झुआरीलाही नाही. उघड्या समुद्रात शिरलेला जीव परत बाहेर काढता येत नाही, म्हणून त्याला टाकीतच गाठावे लागते.

आधीचा उपाय बिनरसायनाचा होता. बंदरातले पाणी खोल समुद्रात बदलून टाकायचे. शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे आणि २०० मीटरहून खोल पाण्यात टाकीतले निदान ९५ टक्के पाणी बदलायचे, किंवा टाकीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी तिच्यातून वाहू द्यायचे. खवळलेल्या समुद्रात हे धोक्याचे असते, आणि टाकीच्या तळाचा गाळ तिप्पट पाण्यानेही हलत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा बॅलास्ट पाण्याचा करार १३ फेब्रुवारी २००४ला स्वीकारला गेला, तो पाणी बदलण्याला तात्पुरती सोय मानूनच. करार लागू व्हायला मात्र ८ सप्टेंबर २०१७ उजाडावे लागले. जगातल्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनांपैकी ३५ टक्के ज्यांच्या नोंदणीत आहेत असे निदान ३० देश सामील होण्याची अट होती, आणि फिनलंड सामील झाल्यावर ती पुरी झाली. जुन्या जहाजांना दिलेली शेवटची मुदत ८ सप्टेंबर २०२४ला संपली.

करारातले दुसरे मानक, ज्याला खलाशी आणि सर्व्हेअर दोघेही ‘डी-टू’ म्हणतात, आकड्यांत बोलते. सोडलेल्या पाण्याच्या दर घनमीटरमध्ये ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जगण्याजोगे जीव दहापेक्षा कमी हवेत. १० ते ५० मायक्रॉनचे जीव दर मिलिलिटरमध्ये दहापेक्षा कमी हवेत. त्याखेरीज पटकीचा जिवाणू, ई. कोलाय आणि आतड्यांतले एन्टेरोकॉकस या तिघांच्या वेगळ्या मर्यादा आहेत. किनाऱ्याजवळच्या एक घनमीटर पाण्यात प्लवकातले सूक्ष्म प्राणी हजारोंनी असतात. तिथून दहाच्या खाली यायचे, तेही तासाला हजार-दोन हजार घनमीटर पाणी ओढणाऱ्या पंपाच्या गतीने. चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या गाळणीने मोठे जीव अडतात. तिच्यातून सुटणाऱ्यांसाठी रसायन लागते.

सर्वांत जास्त चलन क्लोरीनचे आहे, आणि ते बाटलीतून आणावे लागत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. त्यातून वीज सोडली की धनाग्राशी क्लोरीन तयार होतो, तो पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल होते. ऋणाग्राशी हायड्रोजन सुटतो. हा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला तर पेट घेऊ शकतो, म्हणून तो वेगळा करून, भरपूर हवेत मिसळून उघड्यावर सोडावा लागतो. यंत्रणेच्या कागदपत्रांत जीवशास्त्राची जितकी पाने असतात, तितकीच कधीकधी या एका वायूच्या सुरक्षिततेला दिलेली असतात, आणि ते रास्तच आहे.

यात एक गमतीची रासायनिक गोष्ट आहे, जी विद्यार्थ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइडही असते. हायपोक्लोरस आम्ल तयार होताक्षणी या ब्रोमाइडवर काम करते आणि काही सेकंदांत त्याचे हायपोब्रोमस आम्ल होते. म्हणजे खाऱ्या पाण्यात जंतू मारण्याचे काम बहुतांशी ब्रोमिन करतो, क्लोरीन केवळ त्याला जागे करतो. म्हणूनच जहाजावर ‘क्लोरीन किती’ असे मोजत नाहीत. ‘टीआरओ किती’ असे मोजतात, म्हणजे एकूण उरलेले सगळे ऑक्सिडीकारक मिळून किती. आणि म्हणूनच पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घातल्यावर जसा क्लोरोफॉर्म तयार होतो, तसा इथे मुख्यत: ब्रोमोफॉर्म तयार होतो. सोबत ब्रोमिन असलेली अ‍ॅसेटिक आम्ले येतात, काही यंत्रणांत ब्रोमेटही येते. टाकीत मेलेल्या प्लवकाचे आणि कुजलेल्या पानापाचोळ्याचे जितके सेंद्रिय द्रव्य, तितकी ही उपउत्पादने जास्त.

हिशेब करून पाहावा. टीआरओची मात्रा लिटरला ८ मिलिग्रॅम धरली, तर पन्नास हजार घनमीटर पाण्याला चारशे किलो क्लोरीन लागला. एका जहाजाच्या एका भरतीला. प्रवासात त्यातला बराचसा आपसूक जिरतो. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य, अमोनिया, टाकीच्या भिंती त्याला खातात. उरलेला मारावा लागतो, कारण करारान्वये मंजूर झालेल्या यंत्रणांना सोडताना बहुधा लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात निर्जंतुक केलेल्या पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे सांगितले आहे. दोन्ही मोजमापे तंतोतंत एक नाहीत, पण कोणत्या पातळीची अपेक्षा आहे ते यावरून कळते. माशाच्या कल्ल्यांना आणि शिंपल्याच्या पिल्लांना आपल्यापेक्षा फार कमी क्लोरीन सोसतो, त्यामुळे ही कठोरता योग्यच आहे.

क्लोरीन मारायला सोडियम बायसल्फाइट किंवा सोडियम थायोसल्फेट वापरतात. बायसल्फाइटचा कॅन उघडला की जळक्या गंधकाचा तिखट वास नाकात जातो. पाणी सोडायच्या पाइपात ते थेंबाथेंबाने मिसळते आणि पुढे बसवलेला सेन्सर टीआरओ वाचतो. सेन्सरवर विसंबणे पुरेसे नसते, म्हणून सॅम्पलिंगच्या नळातून दहा मिलिलिटर पाणी काचेच्या कुपीत घेतात, त्यात डीपीडी या रंगसूचक रसायनाची पूड टाकून हलवतात आणि तीन मिनिटे थांबून फोटोमीटरमध्ये ठेवतात. ऑक्सिडीकारक उरले असेल तर पाणी गुलाबी होते. एका लिटरला एक-दोन मिलिग्रॅम असेल तर रंग लांबूनही दिसतो. ०.१च्या आसपास तो इतका फिकट असतो की पांढऱ्या कागदासमोर धरूनही डोळ्याला शंका राहते. त्यातच पाणी गढूळ असले किंवा त्यात ऑक्सिडीकृत मँगनीज असले, तर यंत्राचा आकडा उगाच वर जातो. तो पाहून कामावरचा माणूस बायसल्फाइट वाढवतो. आता क्लोरीन नाही, पण जास्तीचे बायसल्फाइट बंदराच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खाऊ लागते. विष उतरवण्याच्या औषधाचीही मात्रा चुकू शकते. हे प्रकरण या पुस्तकात मी सर्वांत सविस्तर लिहिले आहे.

बाकीच्या रसायनांबद्दल थोडक्यात सांगतो. ओझोन झपाट्याने काम करतो, पण खाऱ्या पाण्यात तोही ब्रोमाइडचे ब्रोमिन करतो, त्यामुळे शेवटी प्रश्न तेच उरतात. क्लोरीन डायऑक्साइड अमोनियात अडकत नाही आणि ब्रोमोफॉर्मही फारसा करत नाही. मात्र तो जहाजावरच तयार करावा लागतो, मागे क्लोराइट ठेवतो आणि थंड पाण्यात सावकाश विरतो, म्हणून छोट्या प्रवासाला अवघड. पेरअ‍ॅसेटिक आम्लाचे शेवटी अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतात. ऐकायला हे फार स्वच्छ वाटते. पण अ‍ॅसेटिक आम्ल हे जिवाणूंचे खाद्य आहे, आणि मात्रा ओसरल्यावर वाचलेले थोडके जिवाणू त्यावर जोमाने वाढतात. पुन्हा वाढण्याचा हा धोका क्लोरीनलाही आहे. मेलेले प्लवक ही जिवाणूंची पंगतच असते. म्हणून टाकी भरताना केलेली तपासणी पुरत नाही, सोडतानाचे पाणी तपासावे लागते. विषारी शेवाळाच्या पुटींचे तर वेगळेच आहे. जाड कवचाच्या आत त्या गाळात झोपून राहतात, नेहमीच्या मात्रेला सहसा दाद देत नाहीत. तो गाळ ड्राय डॉकमध्ये टाक्या उघडून खरवडावा लागतो.

रसायन जहाजात घालायच्या आधी कोण तपासते, हेही वाचकाला ठाऊक असावे. अशा यंत्रणांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी पर्यावरण समितीची आधी प्राथमिक आणि मग अंतिम मंजुरी लागते. ती देण्याआधी शास्त्रज्ञांचा स्वतंत्र गट उपउत्पादनांचा माणसावर आणि समुद्रजीवांवर होणारा परिणाम तपासतो. कागदावरची ही पद्धत चांगली आहे. मात्र ती एकेका यंत्रणेची तपासणी करते. एकाच बंदरात एका दिवशी दहा जहाजांनी थोडे थोडे ब्रोमोफॉर्म सोडले, तर त्याची बेरीज त्या बंदराच्या लोकांनीच ठेवायची असते, आणि ती ठेवण्याची व्यवस्था मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता आपल्या किनाऱ्याकडे. क्लोरीनच्या विद्युत यंत्रणेला खारे पाणी लागते. ऑक्टोबर ते मे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ते मुबलक असते आणि कोमटही असते, त्यामुळे यंत्रणा उत्तम चालते. पावसाळ्यात चित्र पालटते. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडला, किंवा मुरगावला, परदेशी कोळसा उतरवून पाणी भरणाऱ्या जहाजाला वरच्या थरात निमखारे आणि गाळाने लालसर झालेले पाणी मिळते. क्लोराइड कमी म्हणून क्लोरीन कमी बनतो, ब्रोमाइड कमी म्हणून बनलेला क्लोरीन वेगळा वागतो, नदीने आणलेले सेंद्रिय द्रव्य त्याला लगेच खाऊन टाकते आणि गाळणी गाळाने चोंदते. हुगळीवरच्या हल्दियासारख्या बंदरांत तर हा जवळजवळ रोजचाच प्रश्न. काही जहाजे मागच्या टाकीत खारे पाणी साठवून ठेवतात आणि तेवढ्यावर विद्युतकोष चालवतात. मुख्य प्रवाहाच्या एक-दोन टक्के पाण्यावर हे भागते. ही युक्ती चांगली आहे, पण ती क्लोरीन बनवण्याचा प्रश्न सोडवते. गढूळ पाण्यात तो जिरून जाण्याचा प्रश्न राहतोच. अशा बंदरांसाठी सागरी संघटनेने २०२४मध्ये अंतरिम मार्गदर्शन दिले. पाणी प्रक्रियेविना भरावेच लागले, तर पुढे खोल समुद्रात ते बदलून, टाकी स्वच्छ करून मग प्रक्रिया करावी असा त्याचा गाभा आहे. मुंबईहून जवळच्या बंदरात जाणाऱ्या जहाजाला मध्ये खोल समुद्र लागतच नाही, आणि टाकीत रसायनाला मुरायला पुरेसा वेळही मिळत नाही. अशा जहाजांचे काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही. बंदरातच पाणी घेऊन प्रक्रिया करणारी तराफ्यावरची किंवा जमिनीवरची सोय हा मला त्यातला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. खर्चिक आहे, पण तिथे रसायन, सेन्सर आणि ते समजणारा माणूस एका जागी कायम असतात.

या विषयात आपण काठावरून पाहणारे नाही. २००० ते २००४ या काळात झालेल्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात जगातली सहा प्रायोगिक बंदरे निवडली होती, त्यांत ब्राझील, चीन, इराण, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन यांच्यासोबत भारतातले मुंबई होते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या जीवांची पायाभूत पाहणी केली. तीच संस्था, मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून द्रवगतिक कॅव्हिटेशनचे प्रयोग केले आणि प्राणिप्लवकांवरचे त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. पाणी अरुंद छिद्रांतून जोराने नेले की दाब एकदम पडतो, सूक्ष्म बुडबुडे होतात, आणि ते मिटताना जवळच्या जीवांना फाडून टाकतात. यात कोणतेही विष चढत नाही, त्यामुळे उतरवायचा प्रश्नही येत नाही. मोठ्या जीवांसाठी हा उपाय छान, सूक्ष्म जिवाणूंसाठी तो एकटा पुरत नाही. पण त्याने मोठ्यांचा निकाल लावला तर पाठोपाठ लागणारी क्लोरीनची मात्रा कमी करता येईल, या शक्यतेवर मी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून दरवर्षी कितीतरी मुले जहाजावर चढतात. त्यांतल्या कोणाला तरी पहाटे डेकवर उभे राहून ती कुपी हलवावी लागते आणि गुलाबी छटा आहे की नाही ते ठरवावे लागते. पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आधी तो मुलगा होता, मग बंदरातला तपासनीस, मग खाडीवर पोट असलेली माणसे. म्हणून समीकरणे मी मागच्या परिशिष्टांत ठेवली आहेत आणि मुख्य मजकुरात प्रत्येक रसायनाबरोबर त्याला लागणारे पाणी, त्याचा मुरण्याचा वेळ आणि ते उतरवण्याची पद्धत एकत्र दिली आहे. शेवटच्या प्रकरणात एक मागणी केली आहे, ती इथेही नोंदवतो. जून ते सप्टेंबर आपल्या प्रत्येक बंदराने धक्क्याजवळच्या पाण्याची क्षारता, तापमान आणि गढूळपणा रोज मोजून जहाजांना आगाऊ कळवावा. ही मोजमापे स्वस्त आहेत, आणि ती हाती असतील तर चीफ ऑफिसरला पाणी भरायला सुरुवात करण्याआधीच कळेल की आपली यंत्रणा या बंदरात चालणार आहे की नाही.